चेक हा शब्द मुळात शह आहे

बुद्धिबळाच्या पटावर प्रतिस्पर्ध्याचा राजा आपल्या माऱ्यात आला की आपण ‘शह’ म्हणतो आणि बँकेमार्फत कोणाला पैसे द्यायचे असले की ‘चेक’ लिहितो. यांपैकी पहिला शब्द फार्सीतून येऊन मराठीत इतका मुरला आहे की ‘शह-काटशहाचे राजकारण’ म्हणताना त्याचे परकेपण कोणालाही जाणवत नाही. दुसरा इंग्रजीतून आला आणि ‘धनादेश’ हा प्रतिशब्द कागदोपत्री रूढ होऊनही बोलण्यात तोच टिकून राहिला. हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, हे मला फार उशिरा कळले. इंग्रजी शब्दकोशात चेकची व्युत्पत्ती पाहत असताना मला तिथे फार्सी ‘शाह’ हा शब्द दिसला, तेव्हा नजरचुकीने आपण शेजारची नोंद वाचत आहोत असेच प्रथम वाटले. नोंद बरोबर होती. तिच्या मागे जात राहिल्यावर जी साखळी हाती लागली, ती राजसिंहासनापासून पटावर, पटावरून खजिन्याच्या टेबलावर आणि तिथून बँकेच्या खिडकीपर्यंत आलेली आहे. पैशासंबंधीच्या इंग्रजी शब्दांमध्ये इतका लांबचा आणि तरीही इतका सुसंगत प्रवास केलेला दुसरा शब्द माझ्या वाचनात नाही, म्हणून तो इथे सविस्तर मांडत आहे.

या साखळीचे पहिले टोक प्राचीन इराणमध्ये आहे. तेथील प्राचीन फार्सी भाषेत राजाला ‘ख्शायथिय’ म्हणत असत. सम्राट दारयवहूने, म्हणजे ग्रीकांच्या दरायसने, इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास बेहिस्तुनच्या उंच कड्यावर जो प्रसिद्ध लेख कोरविला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’, म्हणजे ‘राजांचा राजा’ म्हणवून घेतो. संस्कृत शिकलेल्या वाचकाला त्या दुसऱ्या शब्दातील षष्ठीचे बहुवचन समजावून सांगावे लागणार नाही, कारण ‘देवानाम्’, ‘नराणाम्’ या रूपांचे ते सख्खे भावंड आहे. शब्दाच्या मुळाशी असलेला धातू ‘सत्ता असणे, राज्य करणे’ या अर्थाचा असून संस्कृतातील ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द त्याच कुळातील आहेत. ‘राज्य’ या अर्थाचा त्याच कुळातील इराणी शब्द झिजत झिजत ‘शहर’ झाला, तर ‘ख्शायथिय’ झिजून ‘शाह’ उरला. बेहिस्तुनच्या कड्यावरची ती दोन शब्दांची पदवीही नाहीशी झाली नाही. ‘शाहनशाह’ आणि ‘शहेनशहा’ या रूपांनी ती आपल्यापर्यंत आलेली आहे. म्हणजे क्षत्रिय, शहर, शहेनशहा आणि चेक ही एकाच वंशवृक्षाची दूरदूरची पाने आहेत, आणि त्यांतले चेक हे पान फुटले ते एका खेळामुळे.

तो खेळ म्हणजे बुद्धिबळ. संस्कृतातील ‘चतुरंग’ हे नाव घेऊन हा खेळ इराणात गेला, तिथे ‘चत्रंग’ झाला आणि सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यानंतर अरबी उच्चाराला मानवेल अशा ‘शतरंज’ या रूपाने पुढे पसरला. खेळाचे नाव संस्कृत राहिले, पण खेळताना तोंडाने उच्चारायचे शब्द फार्सी झाले. राजावर हल्ला करणाऱ्याने ‘शाह!’ असे म्हणून समोरच्याला सावध करायचे आणि राजाला सुटकेचा मार्ग उरला नाही की ‘शाह मात’ म्हणायचे, अशी रीत होती. या ‘मात’ शब्दाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार तो अरबी असून ‘मेला’ असा त्याचा अर्थ आहे. दुसऱ्या मतानुसार तो फार्सी असून ‘निरुपाय झाला, अडकून राहिला’ असा त्याचा अर्थ आहे. मला दुसरे मत अधिक पटते. बुद्धिबळात बाकी सर्व सोंगट्या मारल्या जातात, पण राजा कधीच मारला जात नाही. तो पटावर उभाच असतो आणि त्याला कुठेही जाता येत नाही, एवढेच घडते. ‘संकटावर मात केली’ असे आपण म्हणतो, तेव्हाही संकट मेले असा अर्थ नसतो, ते आता आपल्याला अडवू शकत नाही असा असतो.

अरबांकडून हा खेळ युरोपात पोहोचला. स्वित्झर्लंडमधील आइनसिडेल्न येथील मठात दहाव्या शतकाच्या अखेरीची एक लॅटिन कविता सापडली आहे आणि युरोपातील बुद्धिबळाचा तो सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये लोकांनी अरबी नावच उचलले, त्यामुळे स्पॅनिशमधील ‘आखेद्रेस’ आणि पोर्तुगीजमधील ‘शाद्रेस’ या नावांत चतुरंग आजही ओळखू येण्याइतका शिल्लक आहे. उरलेल्या युरोपाने मात्र खेळाला त्यातील मुख्य सोंगटीचे आणि सतत कानांवर पडणाऱ्या आरोळीचे नाव दिले. ‘शाह’चे लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले. या फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून इंग्रजीत ‘चेस’ हे खेळाचे नाव आले आणि एकवचनातून ‘चेक’ ही शहाची आरोळी आली. इंग्रजी बोलणाऱ्यांना चेस आणि चेक हे दोन स्वतंत्र शब्द वाटतात, पण त्यांच्यातील फरक ‘सोंगट्या’ आणि ‘सोंगटी’ इतकाच आहे.

यानंतर इंग्रजीत जे घडले ते मला या सर्व इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण अर्थाचे वळण तिथे लागले. ‘चेक’ असे ऐकताच समोरच्या खेळाडूला मनातली खेळी बाजूला ठेवावी लागते. त्याने कितीही सुंदर डाव रचलेला असो, आधी राजाची सोय पाहणे त्याला भाग असते. त्यामुळे चौदाव्या शतकापासूनच पटाबाहेरही या शब्दाचा अर्थ ‘एकाएकी बसलेला अडथळा’ असा होऊ लागला. अडथळ्यापासून ‘आवर घालणे, अंकुश ठेवणे’ हा अर्थ निघाला. ज्याच्यावर अंकुश ठेवायचा त्याच्यावर नजर ठेवावी लागते आणि नजर ठेवायची तर त्याने केलेले काम तपासावे लागते. या वाटेने सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘तपासणे, पडताळून पाहणे’ हा अर्थ येऊन मिळाला. मराठीत शह, खीळ, आळा, अंकुश आणि पडताळा हे पाच वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत या पाचही जागा एकाच शब्दाने क्रमाक्रमाने व्यापल्या. आपण आज सहज ‘एकदा चेक करून घे’ म्हणतो, त्या वाक्यात राजाला दिलेल्या शहाचा हा शेवटचा, पार निवळलेला अंश आहे.

या टप्प्यापर्यंत पैशाचा संबंध कुठेही आलेला नाही. तो आला दुसऱ्या एका वाटेने, आणि ती वाट शहाची नसून पटाची आहे.

लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘स्काकारियुम’ म्हणत, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिये’. नॉर्मन राजांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, पहिल्या हेन्रीच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभी, राजाच्या महसुलाचा हिशेब घेणाऱ्या खात्याला हेच नाव मिळाले. तेच नाव इंग्रजीत ‘एक्सचेकर’ झाले आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचे पद आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणूनच ओळखले जाते. शब्दाच्या आरंभीचा ‘एक्स’ हा लॅटिन उपसर्ग नाही. फ्रेंच शब्दाच्या आरंभीचा ‘एस’ हा मूळच्या लॅटिन ‘एक्स’चे झिजलेले रूप असावे, अशा चुकीच्या समजुतीने विद्वानांनी तो तिथे बसविला आणि ती चूक कायमची झाली.

खजिन्याला बुद्धिबळाच्या पटाचे नाव का पडले, हे सुदैवाने तर्काने ठरवावे लागत नाही. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात या खात्याच्या कामकाजावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि तो उपलब्ध आहे. ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात आहे; शिष्य विचारतो की एक्सचेकर म्हणजे काय, आणि गुरू उत्तर देतो. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे एक टेबल असते, त्याच्या कडा चार बोटे उंच असतात, म्हणजे वर ठेवलेले काही खाली पडू नये. त्यावर काळे कापड अंथरलेले असते आणि त्या कापडावर ठरावीक अंतराने रेघा असतात. रेघांमुळे पडलेल्या घरांमध्ये नाणी किंवा चकत्या मांडून हिशेब केला जातो. उजवीकडून पहिला स्तंभ पेनींचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा, त्यानंतर वीस पौंडांचा, मग शंभरांचा, हजारांचा आणि शेवटी दहा हजारांचा. शिलिंगात १२ पेनी आणि पौंडात २० शिलिंग असल्याने कोणत्या स्तंभात किती चकत्या झाल्या की त्या उचलून डावीकडे एक चकती सरकवायची, हे तिथल्या गणकांना तोंडपाठ असे.

हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ त्याच्यापाशीच थांबले. त्या काळातील इंग्लंडमध्ये आकडे रोमन पद्धतीने लिहीत असत. त्या पद्धतीत शून्य नाही आणि अंकाला स्थानावरून मूल्य मिळत नाही. त्यामुळे अशा आकड्यांनी कागदावर बेरीज-वजाबाकी करणे अतिशय जिकिरीचे असते. काळ्या कापडावरच्या त्या रेघांनी नेमकी हीच उणीव भरून काढली होती. एकच चकती पहिल्या घरात असली तर पेनी, सातव्या घरात असली तर दहा हजार पौंड. आणि एखादे घर रिकामे असले तर ते रिकामेपण म्हणजेच शून्य. लेखणीला जे जमत नव्हते ते कापडाने साधले होते, आणि वाचता न येणाऱ्या माणसालाही आपला हिशेब डोळ्यांसमोर मांडलेला दिसत होता.

फिट्झनीलने नावाचे आणखी एक कारण दिले आहे आणि मला ते घरांच्या साम्यापेक्षाही अधिक बोलके वाटते. तो सांगतो की पटावर जसा दोन पक्षांचा सामना होतो, तसाच या टेबलावर खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होतो. शेरीफ हा राजाच्या वतीने आपल्या परगण्याची वसुली करणारा अधिकारी. ईस्टर आणि मायकेलमस या ख्रिस्ती सणांच्या सुमारास, असे वर्षातून दोनदा, त्याला या टेबलाशी यावे लागे. एका बाजूला त्याने किती द्यायला हवे होते ते मांडले जाई, दुसऱ्या बाजूला त्याने किती भरले आणि राजाच्या हुकमाने किती खर्च केले ते मांडले जाई. दोन्ही बाजू जुळल्या तर तो सुटला. न जुळल्यास उरलेली रक्कम त्याच्या डोक्यावर. बाकीचे अधिकारी पंचांसारखे बसून पाहत असत. हिशेब देणाऱ्या माणसाच्या पोटात येणारा गोळा ज्याने कधी अनुभवला आहे, त्याला या ठिकाणी बुद्धिबळाची उपमा किती चपखल आहे हे सांगण्याची गरज नाही.

शेरीफने आधी भरलेल्या रकमेची पावती मात्र कागदावर नसे, लाकडावर असे. त्या पावतीला ‘टॅली’ म्हणत. बहुधा हेझेलच्या झाडाच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडीत. फिट्झनीलने त्यांची मापेही दिली आहेत. हजार पौंडांसाठी तळहाताच्या रुंदीएवढी खाच, शंभरासाठी अंगठ्याएवढी, विसासाठी करंगळीएवढी आणि एका पौंडासाठी जवाच्या पिकलेल्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरीत, म्हणजे प्रत्येक खाच दोन्ही तुकड्यांवर अर्धी-अर्धी राही. एक तुकडा पैसे भरणाऱ्याला मिळे, दुसरा खजिन्यात राही. हिशेबाच्या दिवशी दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले जात. कोणी आपल्या तुकड्यावर एखादी खाच वाढवली असेल तर ती समोरच्या तुकड्यावर सापडत नसे आणि लबाडी त्याच क्षणी उघडी पडे. खजिन्याने ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालवली. १८३४ साली साठलेल्या जुन्या काठ्या संसदेच्या तळघरातील शेगड्यांमध्ये जाळण्यात आल्या, आणि १६ ऑक्टोबरच्या त्या रात्री वेस्टमिन्स्टरचा राजवाडा जवळजवळ सगळा जळून गेला.

टॅली हा शब्द लॅटिनमधील ‘तालेआ’, म्हणजे तोडलेली काडी, या शब्दापासून आलेला आहे. मराठी ‘ताळा’शी त्याचा उच्चार आणि अर्थ दोन्ही बरेच जुळतात, परंतु तेवढ्यावरून नाते जोडता येत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

दोन तुकडे करून एक आपल्याजवळ ठेवायचा आणि वेळ आली की दोन्ही जुळवून पाहायचे, ही कल्पना लाकडावरून कागदावर आली, आणि आपला शब्द अखेर पैशापर्यंत पोहोचला तो याच ठिकाणी. इंग्लंडच्या खजिन्याने १६९६ पासून ‘एक्सचेकर बिल’ नावाचे व्याजी कर्जरोखे काढायला सुरुवात केली. हे रोखे वहीतून कापून देताना त्यांच्यावरील नक्षीतून वाकडीतिकडी कात्री चालवली जाई, म्हणजे वहीत राहिलेल्या पट्टीला तो कागद पुन्हा लावून पाहिला की नक्षी जुळते की नाही हे कळत असे. वहीत राहिलेल्या या पट्टीला ‘काउंटरफॉइल’ म्हणत, आणि तिचेच दुसरे नाव होते ‘चेक’. १७०६ च्या सुमाराच्या इंग्रजी कायद्यात हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. त्या पट्टीचे काम पैसे देण्याचे नव्हते, तर खोट्या कागदाला आळा घालण्याचे होते. म्हणून तिला अंकुश आणि पडताळा हे दोन्ही अर्थ असलेले नाव मिळाले होते.

आज आपण पैसे म्हणून जो कागद दुसऱ्याच्या हातात देतो त्याला चेक म्हणतो, पण हा शब्द बँकव्यवहारात शिरला तेव्हा तो आपल्याजवळ राहणाऱ्या भागाचे नाव होता. पुढे पट्टी असलेल्या सबंध छापील कागदालाच ते नाव लागले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते पट्टीवरून सरकून फाडून दिल्या जाणाऱ्या भागावर जाऊन बसले.

वस्तू मात्र शब्दापेक्षा जुनी होती. लंडनमधील मॉरिस आणि क्लेटन या सावकारी पेढीवर काढलेला ४०० पौंडांचा एक हस्तलिखित कागद आजही जपून ठेवलेला आहे आणि त्यावर १६५९ सालातील तारीख आहे. माझ्या ठेवीतून अमुक माणसाला इतके पैसे द्यावेत, एवढाच त्याचा आशय असून रूपाने आणि कामाने तो पूर्णपणे चेकच आहे, पण त्या काळी अशा कागदांना चेक असे कोणी म्हणत नसे. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ मध्ये यासाठी खास कागदावर छापलेले फॉर्म वापरायला सुरुवात केली आणि १८३० मध्ये ५०, १०० आणि २०० फॉर्मांची, स्थळप्रतींसह बांधलेली पुस्तके आणली. चेकबुक हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर जे चित्र येते ते तेव्हापासूनचे आहे.

शब्दाच्या स्पेलिंगचाही एक छोटा इतिहास आहे. प्रारंभी आरोळी, अडथळा, तपासणी आणि बँकेचा कागद या सर्वांसाठी एकच स्पेलिंग होते. बँकेच्या कागदापुरते क्यू-यू-ई हे वेगळे शेपूट जोडले गेले, ते एक्सचेकरच्या प्रभावाने. जेम्स विल्यम गिल्बर्ट या इंग्रज बँकरने १८२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बँकिंगवरील ग्रंथात हेच स्पेलिंग जाणीवपूर्वक स्वीकारले आणि तळटीपेत त्याची कारणे दिली: या रूपामुळे संदिग्धता राहत नाही आणि ते राजाच्या खजिन्याच्या नावाशी जुळते. ब्रिटनच्या संसदेने १८८२ मध्ये हुंड्यांसंबंधीचा कायदा करताना चेकची व्याख्या केली, तिच्यातही हेच रूप आले. अमेरिकेने मात्र जुने साधे स्पेलिंग सोडले नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने अमेरिकन रूप अधिक सरळ आहे हे खरे, तरीही मला ब्रिटिश रूपच जवळचे वाटते, कारण त्यात शह आणि पट हे एकाच राजाचे दोन वारस पुन्हा एकत्र आलेले दिसतात. फ्रेंचांनी तर एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीतून परत घेतला. त्यामुळे आजच्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाचे नाव, पटाचे नाव, अपयश या अर्थाचा ‘एशेक’ आणि बँकेचा ‘शेक’ असे चार भाऊ एकत्र नांदत आहेत. त्यांतला चौथा परदेशी जाऊन नाव बदलून आलेला असल्याने बाकीच्या तिघांशी त्याचे रक्ताचे नाते आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या शब्दाची आणखी एक व्युत्पत्ती सांगितली जाते आणि तिचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मध्ययुगीन अरब जगात ‘सक्क’ नावाचा लेखी दस्तऐवज होता. त्यावरून एका गावी ठेवलेले पैसे दुसऱ्या गावी मिळवता येत आणि कर्जाची लेखी कबुलीही त्याच नावाने ओळखली जाई. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहारा ओलांडून चालणाऱ्या व्यापारासंबंधी लिहिताना ४२,००० दिनारांच्या अशा एका सक्काचा उल्लेख केला आहे आणि एवढी मोठी रक्कम पाहून त्यालाही आश्चर्य वाटले होते. हा सक्क युरोपात जाऊन चेक झाला, असे अनेक ठिकाणी निःशंकपणे लिहिलेले आढळते.

उच्चार जवळचा, अर्थ तर त्याहूनही जवळचा. त्यामुळे हे पटकन खरे वाटते. मलाही काही काळ तसे वाटले होते. परंतु शब्दाची व्युत्पत्ती दोन टोके जुळली म्हणून सिद्ध होत नाही, मधले दुवे दाखवावे लागतात. सक्कपासून चेक आला असता तर अरबांशी प्रत्यक्ष व्यापार करणाऱ्या इटालियन आणि स्पॅनिश व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत मधल्या शतकांमध्ये या अर्थाचा असा एखादा शब्द दिसायला हवा होता. चेक मात्र अठराव्या शतकाच्या आरंभी, थेट इंग्रजीत, तोही पैसे देण्याच्या आज्ञेसाठी नव्हे तर वहीत राहणाऱ्या पट्टीसाठी अवतरतो, आणि त्या वेळी ‘अंकुश, पडताळा’ या अर्थाचा तोच शब्द इंग्रजीत आधीपासून नांदत होता. म्हणून प्रमाण मानले जाणारे इंग्रजी शब्दकोश चेकला शाहचाच वंशज मानतात. अरब व्यापाऱ्यांनी अशी साधने युरोपच्या कितीतरी आधी घडवली आणि वापरली, हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. ते मान्य करण्यासाठी शब्दाचे खोटे नाते जोडण्याची आवश्यकता नाही. खरे नाते धरले तरी हा शब्द अरबांच्याच हातून युरोपात गेला आहे, पण तो पेढीवरून नव्हे, पटावरून.

आता ‘धनादेश’ या शब्दाकडे पाहिले की मला तो पूर्वीपेक्षा वेगळा दिसतो. धन देण्याविषयीचा आदेश, ही त्या कागदाची कायद्याच्या दृष्टीने अगदी अचूक व्याख्या आहे. खातेदार बँकेला आज्ञा करतो आणि बँक ती पाळते. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी वस्तूचे काम नीट ओळखले होते, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण तो वस्तूचा अनुवाद आहे, शब्दाचा नाही. चेक या शब्दात धनही नाही आणि आदेशही नाही. त्यातला अर्थ मराठीत आणायचा झाला तर ‘ताळा’ हाच शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण गणित सोडवून झाल्यावर आपण ताळा करून पाहतो तेव्हा काठीचे दोन तुकडे किंवा कागदाची कापलेली नक्षी जुळवून पाहणाऱ्या माणसासारखेच वागत असतो.

हे सर्व समजल्यापासून रोजच्या बोलण्यातील काही शब्द आपोआप एकमेकांशेजारी येऊन उभे राहतात. चेक्सचा शर्ट म्हणजे बुद्धिबळाच्या पटाच्या नक्षीचा शर्ट. कोणाचे काम चेक करणे म्हणजे त्याला क्षणभर थांबवून पडताळा घेणे. चेकमेट म्हणजे शाह मात, उच्चार तेवढा इंग्रजांच्या तोंडून आलेला. आणि चेक वटला की नाही याची वाट पाहणारा माणूस ज्या शब्दाची वाट पाहत असतो, त्यात बेहिस्तुनच्या कड्यावरचा राजांचा राजा आहे.

चेक फाडून देण्याआधी डाव्या हाताच्या अरुंद पट्टीवर तारीख, नाव आणि रक्कम लिहून ठेवण्याची सवय मला वडिलांनी लावली होती. बँकेत त्या पट्टीला स्थळप्रत म्हणतात, कारण ती स्थळ सोडून जात नाही. अनेक जण ती कोरीच ठेवतात आणि चेकबुक संपले की टाकून देतात. १७०६ साली चेक म्हणत होते ते तिलाच.